कॉम्प्युटर घ्यायचाय? आधी सांगा, ठेवणार कुठे

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. मी काही कॉम्प्युटर विकत नाही. एका ऑफिसात मशिन्स सांभाळतो. कुणाचा प्रिंटर अडकला, कुणाचं नेट गेलं की माझ्या नावाने हाक. पण नातेवाइकांत आणि आमच्या सोसायटीत "त्याला त्यातलं कळतं" अशी ख्याती झाल्यामुळे दरवर्षी जून-जुलैत चार-पाच जणांबरोबर दुकानाची पायरी चढावी लागते. प्रत्येकाचा प्रश्न एकच: "पन्नासपर्यंत चांगला लॅपटॉप कुठला?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला: "तो ठेवणार कुठे?"

लोकांना वाटतं, मी चेष्टा करतोय. पण मुंबईत हा प्रश्न प्रोसेसरच्या, म्हणजे मशीनच्या मेंदूच्याही आधी येतो. दहा बाय बाराच्या खोलीत जिथे जेवणाचं ताट, तिथेच अभ्यासाचं टेबल. आणि घराबाहेर काढायचा तर लोकलच्या गर्दीतून न्यायचा. या दोन्ही गोष्टींचा दुकानातल्या चमकत्या स्टिकरवर उल्लेख नसतो.

पहिल्यांदाच कॉम्प्युटर घेणाऱ्यांना मी एकच सूत्र सांगतो, बाकीचा लेख त्याच्याभोवती फिरतो: जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आधी पैसे घाला. जे नंतर बदलता येतं, ते आज थोडं कमी असलं तरी चालेल.

पायरी पहिली: वहीचं एक पान

दुकानात जाण्याआधी आठवडाभर वहीचं एक पान भरा. "अभ्यासासाठी", "घरच्या कामासाठी" असं मोघम लिहू नका. कोणतं सॉफ्टवेअर, रोज किती वेळ, कुठे बसून, आणि मशीनला काय काय जोडायचं, एवढं लिहा.

माझ्याकडे आलेली तीन पानं सांगतो. पहिलं आमच्या मजल्यावरच्या काकांचं. निवृत्त, वय सत्तरच्या पुढे. पानावर होतं: लाइट बिल, बँक, सोसायटीचा हिशेब, यूट्यूबवर नाट्यगीतं, परदेशातल्या मुलीशी व्हिडिओ कॉल. काकांना लॅपटॉपच हवा होता, कारण सगळे तोच घेतात. पण त्यांची खरी अडचण डोळ्यांची होती. त्यांना आम्ही डब्याएवढा मिनी पीसी आणि २४ इंची मॉनिटर घेतला. मिनी पीसी मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसला, टेबल मोकळं राहिलं, अक्षरं मोठी झाली. फक्त एक घोळ मी घातला. लॅपटॉपमध्ये कॅमेरा, माइक, स्पीकर आपसूक येतात. मिनी पीसीमध्ये यातलं काहीच नसतं, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. पहिल्याच रविवारी मुलीचा फोन आला आणि काका काळ्या पडद्यासमोर बसून "दिसतोय का गं?" विचारत राहिले. सोमवारी वेबकॅम आणला.

दुसरं पान भाचीचं, आर्किटेक्चरला नुकतीच लागलेली. ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट. तिचा जीव मॅकबुकमध्ये अडकला होता. ऑटोकॅड आणि स्केचअप मॅकवर चालतात, पण रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं. तिथे विषय संपला. पान भरलं नसतं, तर लाखभर रुपये घालून दुसऱ्या वर्षाला हे कळलं असतं.

तिसरं मेव्हण्याचं, सीएची आर्टिकलशिप करणारा. टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल, आणि डिजिटल सहीचं टोकन. टॅलीही विंडोजचंच. टोकन लागतं जुन्या, रुंद यूएसबी पोर्टमध्ये, आणि काही सडपातळ लॅपटॉपना आता नुसते टाइप-सी पोर्ट असतात. शिवाय आकडे मारणाऱ्या माणसाला उजवीकडचं नंबर पॅड लागतं. ते साधारण १५.६ इंची लॅपटॉपला असतं, १४ इंचीला नसतं. त्याला रोज कल्याणहून फोर्टला जायचं असल्यामुळे त्याने १४ इंची घेतला आणि नंबर पॅड वेगळं, यूएसबीवालं घेतलं. शहाणपणाचा सौदा.

सॉफ्टवेअरची नावं हाताशी आली की त्या-त्या कंपनीच्या साइटवर मशीनची गरज लिहिलेली असते, ती बघा. तिथे दोन रकाने असतात, किमान आणि शिफारस. किमान म्हणजे सॉफ्टवेअर उघडेल. काम होईलच असं नाही. वाचायचा तो शिफारशीचा रकाना.

पायरी दुसरी: टेबलावरचा की बॅगेतला

महिन्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा मशीन घराबाहेर जाणार नसेल, तर डेस्कटॉप किंवा मिनी पीसीचा विचार करा. त्याच पैशात जास्त ताकद मिळते, एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलतो आणि मान वाकवून बसावं लागत नाही. डेस्कटॉपला यूपीएस मात्र हवा. मुंबई शहरात लोडशेडिंग नसतं म्हणून लोक तो टाळतात. पण वीज इथेही जाते. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बसलं आणि लोकलसकट अख्खी मुंबई थांबली होती. घरगुती यूपीएस तासन्‌तास चालत नाही. काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरती मिनिटं देतो, आणि तेवढीच हवी असतात.

डेस्कटॉपचा कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. तळमजल्यावर, चाळीत किंवा सखल भागात राहत असाल तर अजिबातच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या ओळखीतले किती कॅबिनेट पाण्याखाली गेले याची गणतीच नाही. मॉनिटर टेबलावर सुखरूप आणि फोटो, हिशेब, प्रोजेक्ट असलेला डबा खाली गढूळ पाण्यात.

आता लॅपटॉप. इथे मी वजनाला फार महत्त्व देतो. १.४ किलो आणि २.३ किलो यांतला फरक दुकानात एका हाताने उचलून कळत नाही. तो कळतो ठाण्याहून दादरपर्यंत उभ्याने आल्यावर, बॅग पोटाशी धरून. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर तर विटेएवढा जड असतो. तोही वजनात धरा.

लोकलमधली खरी भीती वेगळीच. गर्दीत बॅगेवर चारी बाजूंनी दाब येतो, लॅपटॉपचं पातळ झाकण आत वाकतं, आणि एक दिवस स्क्रीनवर शाईचा डाग पडल्यासारखा काळा ठिपका दिसतो. तो पसरत जातो. फुटलेली स्क्रीन साध्या वॉरंटीत बसत नाही, कारण तो कंपनीच्या लेखी अपघात. रोज ट्रेनने जाणार असाल तर अपघाती नुकसानीचं जादा संरक्षण खरेदीच्या वेळीच घ्या, नंतर घ्यायला गेलात तर मुदत उलटलेली असू शकते. बाकी मोबाइलचे, टीव्हीचे वाढीव वॉरंटीचे कागद मी सरळ नाकारतो. पण लोकल आणि लॅपटॉप या जोडीला हा खर्च पटतो. बॅगही कडक पाठीची घ्या, आणि डब्याची पिशवी त्याच कप्प्यात कोंबू नका.

पायरी तिसरी: जे बदलत नाही ते

स्क्रीन, कीबोर्ड, वजन, आणि बऱ्याच लॅपटॉपांत रॅम (चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी). या चार गोष्टी घेतल्या तशाच शेवटपर्यंत राहतात.

स्क्रीनचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० हवं. १३६६ बाय ७६८ अजूनही स्वस्त मशीनवर दिसतं, घेऊ नका. पॅनल आयपीएस, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग नीट दाखवणारं आहे का विचारा. दुकानदाराने "हो" म्हटलं तरी स्वतः तपासा: स्क्रीन मागेपुढे कलती करा, बाजूने वाकून बघा. रंग उलटे होऊ लागले, काळं पांढुरकं दिसायला लागलं की समजा साधं पॅनल आहे. उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्स घरात चालतात, खिडकीशी बसणार असाल तर ३०० किंवा जास्त हवेत.

कीबोर्डसाठी माझी एक सवय आहे. दुकानात नोटपॅड उघडतो आणि एक अख्खा परिच्छेद टाइप करतो. मागे लोक ताटकळतात, ताटकळू देत. मधल्या बटणांवर बोटाने जोर द्या, कीबोर्ड ट्रॅम्पोलिनसारखा खाली दबतो का बघा. झाकण एका बोटाने उचलून बघा. आणि एंटर, बॅकस्पेस, बाणांची बटणं जागच्या जागी आणि नीट आकाराची आहेत का बघा. कारण पुढची पाच वर्षं हीच बटणं तुमच्या बोटांखाली असणार आहेत.

रॅमचं मात्र सविस्तर सांगतो, कारण फसगत इथेच होते. आज विंडोजवर ८ जीबी ही तळाची पातळी. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, व्हॉट्सॲप आणि एक व्हिडिओ कॉल, एवढ्यात ती भरते. १६ जीबी घेतली तर पाच वर्षं निवांत. दुकानदार म्हणतो, "आत्ता ८ घ्या, नंतर टाकू." टाकता येईल का, हे आधी बघायचं. बऱ्याच लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच डाख लावून बसवलेली असते; ती कोणालाही बदलता येत नाही. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. डेमोच्या मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली उजवीकडे बारीक अक्षरांत "स्लॉट्स युज्ड" आणि "फॉर्म फॅक्टर" अशा दोन ओळी असतात. फॉर्म फॅक्टरपुढे "एसओडीआयएमएम" असेल तर रॅमची पट्टी निघते. "रो ऑफ चिप्स" असेल तर डाख लावलेली. दुकानदाराचा चेहरा बघण्यापेक्षा ही ओळ बघा.

एक पुरवणी. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण मेमरी बनवणाऱ्यांचा मोठा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. त्यामुळे "नंतर स्वस्तात टाकू" हा हिशेब पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. स्लॉट रिकामा असला, तरी आत्ताच १६ मिळत असतील तर मी आत्ताच घेईन.

एसएसडीची, म्हणजे फायली कायमच्या साठवणाऱ्या ड्राइव्हची तेवढी काळजी नको, ती बहुतेक मशीनमध्ये बदलते. ५१२ जीबी पुरे. घरी आल्यावर ती ४७६ जीबी दिसेल, तेव्हा घाबरून मला फोन करू नका. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. माल तेवढाच असतो. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क मुख्य ड्राइव्ह म्हणून कोणी देत असेल तर मात्र नमस्कार करून बाहेर पडा.

पायरी चौथी: प्रोसेसरचं नाव शेवटपर्यंत वाचा

माझ्या एका चुलतभावाने मला न विचारता "आय७" लॅपटॉप घेतला. सेकंडहँड, पॉलिश केलेला, स्वस्तात. आय५ पेक्षा आय७ मोठा, एवढंच त्याला माहीत. घरी आणून दाखवला तेव्हा पूर्ण नाव वाचलं: आय७-५६००यू. रेघेनंतरचा पहिला आकडा ५, म्हणजे पाचवी पिढी, २०१५ च्या सुमाराचा माल. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे मशीन धडधाकट, पण सुरक्षेच्या दृष्टीने उघड्यावर. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "साहेब, आय७ मागितला, आय७ दिला." तोही खोटं बोलत नव्हता.

तेव्हा नाव असं वाचा. आय५-१२४५०एच: यातले पहिले दोन आकडे १२ म्हणजे बारावी पिढी. शेवटचं अक्षर एच म्हणजे जास्त वीज खाणारा, जास्त दमाचा. यू असेल तर कमी वीज, बॅटरीला बरा, ताकद बेताची. म्हणून आय७-१२५५यू हा आय५-१२४५०एचपेक्षा मोठा वाटला तरी त्यात ताकदीचे मोठे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोनच आहेत. त्या आय५ मध्ये चार. जड कामाला आय५ पुढे जातो. इंटेलने २०२३ च्या अखेरीपासून नव्या चिप्समधला "आय" काढून कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावं द्यायला सुरुवात केली. त्यातही शेवटचं अक्षर सोडू नका.

एएमडीच्या रायझनमध्ये आणखी एक गंमत आहे. ७००० मालिकेच्या लॅपटॉप चिप्समध्ये तिसरा आकडा आतल्या रचनेचं वय सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, जुनी रचना नव्या नावाने. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात, दोघांवर "रायझन ५ ७००० सिरीज" हाच स्टिकर.

काकांसारख्या कामाला नवा आय३ किंवा रायझन ३ भरपूर. कॉलेज, टॅली, ऑफिस, थोडं कोडिंग याला आय५ किंवा रायझन ५. वेगळं ग्राफिक्स कार्ड फक्त तीन प्रकारच्या लोकांनी घ्यावं: थ्रीडी आणि रेंडरिंग करणारे, व्हिडिओ एडिटिंग रोज करणारे, आणि गेम खेळणारे. बाकीच्यांसाठी ते उष्णता, वजन आणि पंख्याचा आवाज विकत घेणं आहे.

सध्या "एआय पीसी" हा स्टिकर जोरात आहे. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस वर्गात बसायला ४० टॉप्सची एनपीयू (एआयच्या कामाची खास चिप, टॉप्स हे तिच्या वेगाचं माप) आणि १६ जीबी रॅम लागते. त्यासाठी म्हणून वेगळे पैसे मोजू नका. चॅटजीपीटीसारखी कामं बाहेरच्या सर्व्हरवर होतात. ती दहा वर्षं जुन्या मशीनच्या ब्राउझरमध्येही चालतात.

सेकंडहँड वाईट नसतो, न तपासता घेतलेला वाईट. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे मजबूत बांध्याचे असतात आणि विद्यार्थ्याला उत्तम चालतात. आठव्या पिढीच्या पुढचाच घ्या. कमांड प्रॉम्प्ट उघडून बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. त्यात बॅटरी नवी असताना किती होती आणि आता पूर्ण चार्जला किती उरली, असे दोन आकडे येतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरून भाव करा. आणि चालू करताना आधीच्या कंपनीचा पासवर्ड किंवा कुलूप येत नाही ना, हे दोनदा रीस्टार्ट करून बघा.

पायरी पाचवी: मराठी आणि मालकीचं विंडोज

किंमत फारच कमी दिसली तर विंडोज आहे का विचारा. काही मशीन्स डॉस किंवा लिनक्सवर विकली जातात, आणि मग दुकानातला पोऱ्या पेनड्राइव्हवरून "फुल व्हर्जन" टाकून देतो. ते चोरीचं असतं आणि सोबत काय घेऊन येतं देव जाणे. ऑफिसबद्दलही नीट विचारा: कायमचं आहे की वर्षभराचं? वर्ड-एक्सेलचं साधं काम असेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे आणि त्याने माझ्या वडिलांचं सोसायटीचं पत्रव्यवहाराचं काम आरामात निभावलं.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा या विभागात मराठी जोडा. त्यात इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांचा ठरलेला कीबोर्ड) आणि फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी) दोन्ही पर्याय मिळतात. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. इनस्क्रिप्टला पंधरा दिवस हात आखडतो, मग सुसाट. सरकारी टायपिंगची परीक्षा देणार असाल तर तुमच्या क्लासात ज्या लेआउटवर शिकवतात त्यावरच पहिल्या दिवसापासून सराव करा, फोनेटिकची सवय लावून घेऊ नका. आणि डीटीपीचं काम असेल, गिरगाव-दादरच्या प्रेसशी व्यवहार असेल, तर श्रीलिपीसारखं जुनं मराठी सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (ते चालायला पोर्टला लावायची किल्ली) नव्या विंडोजवर चालतं का, हे मशीन घेण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येतील अशा नसतात. तो फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

पायरी सहावी: कुठे घ्यायचा

मुंबईत कॉम्प्युटर म्हटलं की लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव काही सुटलेलं नाही. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं. पश्चिम रेल्वेची फास्ट तिथे थांबत नाही. फास्टने येत असाल तर मुंबई सेंट्रलला उतरून स्लो पकडा किंवा चालत या. मेट्रो ३ चंही ग्रँट रोड स्टेशन आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी दुपारी तिथे जत्रा भरते. जमलं तर आठवड्यातल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जा.

असेंबल्ड डेस्कटॉप, सुटे भाग, रॅम, एसएसडी यांना लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. तीन दुकानांतून कोटेशन लिहून घ्या. प्रत्येक भागाचं कंपनीसकट पूर्ण नाव लिहायला लावा. "आठ जीबी रॅम, पाचशे वॅट एसएमपीएस" एवढंच लिहिलेला कागद म्हणजे काहीच नाही. एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर कंजुषी करू नका, कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा तर नकोच. तो जाताना बोर्डाला बरोबर घेऊन जातो. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, ती बिलावर भागापुढे लिहून घ्या.

तयार ब्रँडेड लॅपटॉप घ्यायचा तर मी आधी क्रोमा, विजय सेल्ससारख्या मोठ्या दुकानात जाऊन हाताळतो, मग ऑनलाइन भाव बघतो, मग लॅमिंग्टनला फोन करतो. बऱ्याचदा फरक थोडा असतो, आणि तेवढ्यासाठी जवळचं दुकान मला बरं वाटतं.

मग येतो तो प्रश्न, आवाज जरा खाली आणून विचारलेला: "बिल हवं का?" लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. पन्नास हजारांच्या वस्तूवर नऊ हजार. मोह होतो, कबूल. पण बिल नाही म्हणजे वॉरंटीचा वाद झाला तर हातात काही नाही, ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) जायला कागद नाही, आणि मशीन चोरीचं किंवा चोरवाटेने आलेलं निघालं तर तुम्ही अडकणार. पक्कंच बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर छापून घ्या. तुमचा स्वतःचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर टाका, धंद्यासाठी घेतलेल्या मशीनवरचा कर वजा मिळू शकतो. तक्रार अडलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

"नो-कॉस्ट इएमआय"मध्ये व्याज सवलत म्हणून आधी वजा करतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्या माथी येते. शिवाय रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्यावाल्याला मिळतेच असं नाही. दोन्ही आकडे कागदावर मांडून बघा.

पायरी सातवी: काउंटरवरची पंधरा मिनिटं

पैसे देण्याआधी डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. सील बघा. डब्यावरचा, मशीनच्या पोटाखालचा आणि बिलावरचा सिरियल नंबर जुळवा. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते बघा. चार महिन्यांपूर्वी सुरू झाली असेल तर ते मशीन आधी कुणी उघडलंय का, हे दुकानदाराला विचारा.

मग चालू करा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा फोटो स्क्रीनभर उघडून मेलेले ठिपके शोधा. एक पेनड्राइव्ह घेऊन जा आणि प्रत्येक पोर्टला लावून बघा. कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय तपासा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम तुमच्या कोटेशनशी जुळवा. "साहेब, काही नसतं हो, कंपनीचा माल आहे" असं म्हणतील. हसून मान डोलवा आणि तपासत राहा. ऑनलाइन मागवला असेल तर हेच सगळं घरी, डबा फोडल्यापासून मोबाइलवर सलग व्हिडिओ काढत.

पायरी आठवी: घरी आल्यावर

चार्जर थ्री-पिन सॉकेटलाच लावा. टू-पिनचा अडॅप्टर लावून अर्थिंग तोडलं की काही लॅपटॉपांच्या धातूच्या अंगाला हात लावताच मुंग्या येतात. जुन्या चाळींत अर्थिंगच नसतं. इलेक्ट्रिशियनला एकदा बोलवून तपासून घ्या.

पहिल्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा इमेल आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. नव्या विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते आणि तिची रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाते. मदरबोर्ड बदलला की मशीन ती की मागतं. दुकानातल्या पोराने स्वतःच्या इमेलवर मशीन चालू करून दिलं, आणि वर्षभराने की मागितल्यावर त्या पोराने नोकरी सोडलेली, असं आमच्याकडे झालेलं आहे. अकाउंट तुमचंच हवं. सोबत ऑफिस आलं असेल तर तेही त्याच दिवशी चालू करून घ्या.

बाहेरची एक हार्ड डिस्क बजेटमध्येच धरा आणि महिन्यातून एकदा सगळं तिच्यावर उतरवा. पावसाळ्यात लॅपटॉप बंद कपाटात आठवडेच्या आठवडे पडू देऊ नका. इथल्या दमट, खाऱ्या हवेत बॅगेला बुरशी धरते तशी पोर्टनाही गंज धरतो. रोज वापरलेलं मशीन गरम होऊन कोरडं राहतं. भिजलेल्या बॅगेतून आल्या आल्या मात्र चालू करू नका. पुसा, पंख्याखाली ठेवा, तासाभराने बघा.

आणि बिलाचा फोटो काढून स्वतःलाच इमेल करा. दुकानातलं बिल बऱ्याचदा त्या गुळगुळीत थर्मल कागदावर असतं. माझ्या कपाटात असं एक बिल आहे, वॉरंटीचे सहा महिने उरले होते तेव्हा काढून बघितलं, तर कोरा पांढरा कागद.